बुकमार्क गेले? आधी माउसवरचा हात काढा

पीकविम्याची शेवटची तारीख चार दिवसांवर आली होती. बाकड्यावर माणसं मावत नव्हती. दोघं-तिघं बाहेर पत्र्याखाली, सातबाऱ्याचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून उभे. अमळनेरला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक राउटर, आणि नऊ वर्षांत जमवलेले बुकमार्क. त्या दिवशी 'शेतकरी' फोल्डरमधली एक बंद पडलेली लिंक काढायला गेले. निवडलं होतं अख्खं फोल्डर, मला वाटलं लिंक निवडली आहे. डिलीट दाबलं आणि समोरच्या भाऊंचं आधार स्कॅन करायला वळले. तेवढ्यात लाइट गेली.

लाइट आली, कॉम्प्युटर चालू केला, क्रोम उघडलं. एका पोराचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना कामाचं एक पान दिसलं, ते सवयीने बुकमार्क केलं. त्यानंतर 'शेतकरी'कडे हात गेला तर फोल्डर नाही.

या साऱ्यात माझी मोठी चूक कोणती? डिलीट दाबणं नव्हे. लाइट आल्यावर ते नवं पान बुकमार्क केलं, ती. ते असं का, ते पुढे सांगते. जे मला दोन रात्री जागून कळलं ते तुम्हाला दहा मिनिटांत कळावं म्हणून हे लिहितेय.

आणि कुणी म्हणेल, बुकमार्क गेले तर गेले, गुगलवर शोधा. पत्ता गुगल देईल हो. पण मी बुकमार्कला नावं कशी दिली होती? 'फोटो ५० केबीच्या आत, नाहीतर परत.' 'ही सकाळी सहाला उघडा, दुपारी फिरतच बसते.' 'इथे बापाचं नाव आधी.' नऊ वर्षांत लोकांचे फॉर्म परत येऊन येऊन जे शिकले ते त्या नावांत होतं. ते कोणत्या गुगलवर शोधू?

क्रोम अजून चालू असेल तर

आत्ताच, याच बसणीत डिलीट झालं असेल तर क्रोम बंद करू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ एकत्र दाबा, बुकमार्क मॅनेजर उघडतो. पानावर रिकाम्या जागी एकदा क्लिक करा आणि कंट्रोल झेड दाबा. वर्डमध्ये खोडलेलं परत आणतो तसंच फोल्डर परत येतं, आतल्या सगळ्या लिंकांसकट. डिलीट केल्या केल्या खाली कोपऱ्यात 'अनडू'ची छोटी पट्टी पण येते, पण ती काही सेकंदच थांबते. गिऱ्हाईक समोर असेल तर तिकडे कोण बघतं?

ही सोय क्रोम बंद होईपर्यंतच. माझी तर लाइटच गेली.

दुसरं, नवीन एकही बुकमार्क करू नका. क्रोम बुकमार्क एका फाइलमध्ये ठेवतं, तिचं नाव 'बुकमार्क्स'. तिच्याच शेजारी एक जुनी प्रत असते, 'बुकमार्क्स डॉट बॅक'. क्रोम उघडल्यावर पहिल्यांदा बुकमार्कमध्ये काही बदल झाला की ते आधीची फाइल या बॅकमध्ये उतरवून ठेवतं आणि मग नवी लिहितं. प्रत एकच. आता माझं काय झालं बघा. डिलीट दाबलं तेव्हा त्या दिवसातला तो पहिलाच बदल होता, म्हणजे बॅकमध्ये माझं 'शेतकरी' सहीसलामत होतं. लाइट गेली तरी ते तिथेच होतं. मी मात्र क्रोम पुन्हा उघडून एक नवा बुकमार्क केला. क्रोमने इमानदारीने फोल्डर नसलेली फाइल उचलली आणि बॅकवर टाकली. चांगली प्रत माझ्याच हाताने पुसली गेली.

म्हणून म्हणते, माउसवरचा हात काढा. पाणी प्या.

खरंच गेलेत का ते बघा

माझ्याकडे 'बुकमार्क गेले' म्हणत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे कुठेच गेलेले नसतात.

आमच्या गल्लीत एक जिभाऊ आहेत, शाळेत इतिहास शिकवायचे, आता निवृत्त. त्यांच्या लॅपटॉपवर किल्ल्यांचे, शिलालेखांचे, जुन्या नकाशांचे शेकडो बुकमार्क. एका संध्याकाळी लॅपटॉप काखेत घेऊनच आले. "ताई, मनं बठ्ठं गयं." म्हणजे माझं सगळं गेलं. चेहरा असा की घरात काही वाईट घडलंय. मी क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवलं. त्यात नातवाच्या नावाचं अक्षर होतं. नातू सुट्टीत आला, त्याने आपलं जीमेल टाकताना क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल केलं, आणि तेव्हापासून जिभाऊ रोज नातवाच्या खोलीत जाऊन आपलं कपाट शोधत होते. गोल चित्रावर क्लिक केलं, खालच्या यादीत जिभाऊंचं नाव होतं, ते निवडलं. नवी खिडकी उघडली आणि सगळे किल्ले जागेवर. जिभाऊंनी दुसऱ्या दिवशी घरची शेवभाजी पाठवली, तिखट इतकी की कानातून धूर.

तर आधी ते गोल चित्र बघा. मग बघा की फक्त वरची पट्टी तर लपलेली नाही. कंट्रोल, शिफ्ट, बी दाबलं की पट्टी येते आणि जाते. लहान पोरं कीबोर्डवर हात फिरवतात तेव्हा हे हमखास होतं. आणि घरात दोन ब्राउझर असतील, क्रोम आणि एज, तर आपण कशात बसलोय तेही बघा. विंडोज अपडेट झाल्यावर एज समोर येतं आणि माणसाला वाटतं हेच आपलं क्रोम.

एक लक्षण मात्र वेगळं आहे. बुकमार्कच नाही तर डेस्कटॉपवरच्या फाइलीही दिसत नाहीत, भिंतीचं चित्रही बदललंय, आणि विंडोज कोपऱ्यात टेंपररी प्रोफाइलबद्दल काही सांगतंय. तसं असेल तर विंडोजनेच तुम्हाला तात्पुरत्या खोलीत बसवलंय. तिथे काहीही सेव्ह करू नका, साइन आउट केलं की ते पुसलं जातं. कॉम्प्युटर एक-दोनदा रीस्टार्ट करा, बऱ्याचदा तेवढ्यानेच आपली खोली परत मिळते.

फाइल हातात घ्यायची

प्रोफाइल बरोबर आहे, पट्टी दिसतेय, तरी बुकमार्क नाहीत. आता फाइलकडे चला. घाई करायची नाही.

क्रोम उघडंच असेल तर पत्त्याच्या जागी इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि व्हर्जन असं टाकून एंटर दाबा. त्या पानावर 'प्रोफाइल पाथ' अशी ओळ आहे, तुमची फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते तिथे लिहिलेलं असतं. ती ओळ कागदावर उतरवून घ्या. शेवटचा शब्द बहुतेकांचा 'डिफॉल्ट' असतो. दुसरं प्रोफाइल असेल तर 'प्रोफाइल १', 'प्रोफाइल २' असं काही. याच शब्दात लोक फसतात, डिफॉल्टमध्ये शोधत राहतात आणि फाइल असते प्रोफाइल १ मध्ये.

आता क्रोम बंद करा. फुलीवर क्लिक केलं म्हणजे बंद झालं असं समजू नका, ते मागे चालू राहू शकतं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि यादीत क्रोम दिसलं तर तिथून संपवा. शिवाय वायफाय बंद करा किंवा राउटरची पिन काढा. हे का, ते सिंकच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांवरचे बुकमार्क नेटवरून एकसारखे ठेवण्याच्या, भागात येईल, आत्ता नुसतं ऐका.

मग विंडोजची कळ आणि आर दाबा. जी छोटी चौकट येते तिच्यात पर्सेंटचं चिन्ह, लगेच इंग्रजीत 'लोकलॲपडेटा' सलग, परत पर्सेंटचं चिन्ह, आणि एंटर. हे फोल्डर एरवी लपवलेलं असतं, या वाटेने थेट उघडतं. तिथून गुगल, मग क्रोम, मग यूजर डेटा, मग तुमचं प्रोफाइल. एजवाल्यांनी गुगल आणि क्रोमऐवजी मायक्रोसॉफ्ट आणि एज धरायचं, बाकी सगळं तेच. दोघांचा पाया एकच आहे.

आत दोन फाइली शेजारी दिसतील. विंडोज एरवी शेवटची शेपटी लपवतं, म्हणून दोन्हींचं नाव सारखंच दिसायची शक्यता आहे. व्ह्यूमध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा म्हणजे 'डॉट बॅक' दिसेल. दोन्हींची कॉपी डेस्कटॉपवर टाका. काही करायच्या आधी कॉपी. मूळ फाइलींना अजून हात लावू नका.

आता आकार बघा. बुकमार्क्स २० केबी आणि बॅक ९० केबी असेल तर जीव भांड्यात पडला म्हणा. बॅकची डेस्कटॉपवरची कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. घाबरू नका, महिरपी कंस आणि अवतरणचिन्हांचं जंगल दिसेल, पण त्यात तुमचे पत्ते स्वच्छ वाचता येतात. कंट्रोल एफ दाबून हरवलेल्या साइटच्या पत्त्यातला एखादा शब्द शोधा. सापडला तर फाइल चांगली आहे.

त्या जंगलात प्रत्येक बुकमार्कपुढे सहसा १३ ने सुरू होणारा सतरा आकडी नंबर असतो. तो बुकमार्क कधी जोडला ती वेळ. मोजतात १ जानेवारी १६०१ पासून, मायक्रोसेकंदात. मी जिभाऊंना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. म्हणे, "अगं, १६०१ च्या जानेवारीत अकबराने असीरगड घेतला आणि आपल्या खानदेशातली फारुकी राजवट संपली!" कॅलेंडरचं चारशे वर्षांचं चक्र तिथून सुरू होतं म्हणून संगणकवाल्यांनी ते साल धरलं, असीरगडाशी त्याचा काही संबंध नाही. जिभाऊंना ते पटलेलं नाही. कामाचं एवढंच, की दोन बुकमार्कांपैकी नवा कोणता ते या नंबरवरून कळतं, मोठा नंबर नवा.

मूळ जागी जाऊन 'बुकमार्क्स'चं नाव बदला, मी मागे 'जुनं' लावते. मग डेस्कटॉपवरची बॅकची कॉपी तिथे आणा आणि तिचं नाव नुसतं 'बुकमार्क्स' करा. इंग्रजीत, पहिलं अक्षर मोठं, शेवटी टिंब नाही, शेपटी नाही. विंडोज विचारेल शेपटी काढू का, हो म्हणा. क्रोम उघडा, नेट अजून बंदच. फोल्डर दिसलं? तर दुसरं काही करायच्या आधी बुकमार्क मॅनेजरमध्ये उजवीकडे वरच्या तीन टिंबांवर जाऊन 'एक्सपोर्ट बुकमार्क्स' करा. एक एचटीएमएल फाइल तयार होते, ती डेस्कटॉपवर ठेवा. आता नेट लावा.

बॅकमध्येही नसेल, जसं माझं झालं, तर त्या फोल्डरवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, 'प्रीव्हियस व्हर्जन्स'. विंडोजचं फाइल हिस्टरी किंवा रीस्टोर पॉइंट आधीपासून चालू असेल तर जुन्या तारखांच्या प्रती मिळू शकतात. माझ्याकडे तिथे कोरं पान होतं. चालू करायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

सिंक, आणि खणातला फुटका मोबाइल

बहुतेकांचा समज असतो, क्रोममध्ये जीमेलने साइन इन केलंय म्हणजे गुगलकडे प्रत आहे. ती प्रत नाही, तो आरसा आहे. कॉम्प्युटरवर फोल्डर पुसलं की नेटवरून निरोप जातो आणि मोबाइलवरचंही पुसलं जातं. म्हणून नेट बंद करायला सांगितलं. जुनी फाइल जागेवर ठेवून नेटसकट क्रोम उघडलं, तर गुगलकडचा ताजा हिशेब येऊन ते परत पुसू शकतो. एक्सपोर्ट केलेली फाइल हातात असेल तर काळजी नाही. पुसलं गेलं तरी त्याच तीन टिंबांतून 'इम्पोर्ट' करा. तसे आलेले बुकमार्क नवे म्हणून धरले जातात, जुना निरोप त्यांना लागू होत नाही. ते 'इम्पोर्टेड' नावाच्या फोल्डरमध्ये येतात, तिथून जागेवर ओढून घ्यायचे.

पण हाच आरसा माझ्या कामी आला. दुपारी सासूबाई डबा घेऊन दुकानात आल्या, माझा चेहरा बघून म्हणाल्या, "काय व्हयनं वं माय?" मी सांगितलं, फोल्डर गेलं, मोबाइलवरूनही गेलं. त्यांना सिंक वगैरे काही कळलं नाही, पण त्या म्हणाल्या, "तुना तो फुटेल मोबाइल? तो त खणमाच शे."

काच तडकलेला माझा जुना मोबाइल. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधीपासून बंद पडून होता. त्यात तेच जीमेल, तेच क्रोम, आणि त्याला अजून निरोप मिळालेला नव्हता!

असा एखादा मोबाइल, टॅब, मुलीचा बंद पडलेला लॅपटॉप तुमच्याकडे असेल तर तो चालू करायच्या आधी सिम काढा आणि घरातला राउटर बंद करा. मोबाइल सुरू झाल्यावर फ्लाइट मोड लावू असं म्हणू नका, तेवढ्या मिनिटभरात तो ओळखीचं वायफाय पकडतो. मी राउटरची पिन काढली तर बाकड्यावरचे ओरडले, फॉर्म थांबला. म्हटलं थांबा दहा मिनिटं. मोबाइल चार्जरला लावून सुरू केला, फ्लाइट मोड लावला, मगच राउटर परत चालू केला. क्रोम उघडलं. 'शेतकरी', १०९ बुकमार्क.

मोबाइलच्या क्रोममध्ये एक अडचण आहे, सगळे एकत्र एक्सपोर्ट करता येत नाहीत. यादीत नाव आणि साइट तेवढी दिसते. आतल्या पानाचा पूर्ण पत्ता हवा असेल तर प्रत्येकापुढची तीन टिंबं, मग एडिट. नावांचे स्क्रीनशॉट काढले आणि केबल लावून कॉम्प्युटरवर घेतले. पत्ते मुलगी वाचायची, मी टाइप करायचे. 'स्लॅश, मग डॅश, नाही आई, खालची रेघ.' दोन रात्री. तुमच्या नशिबाने दुसरं यंत्र लॅपटॉप असेल तर ही हमाली नाही. नेट बंद ठेवून क्रोम उघडा, एक्सपोर्ट करा, फाइल पेनड्राइव्हवर घ्या.

फायरफॉक्सवाले सुखी

इथे थोडक्यात सांगते, कारण इथे त्रासच कमी. फायरफॉक्स रोजच्या रोज आपणहून बुकमार्कची प्रत काढतं आणि शेवटच्या १५ प्रती ठेवतं. कंट्रोल, शिफ्ट, ओ दाबा, लायब्ररी उघडते. वर 'इम्पोर्ट अँड बॅकअप', त्यात 'रीस्टोर', आणि समोर तारखांची यादी, प्रत्येक तारखेपुढे किती बुकमार्क तेही. नुकसान झालं त्याच्या आदल्या दिवसाची तारीख निवडा. फक्त हे ध्यानात घ्या की रीस्टोर केलं की आत्ताचे सगळे बुकमार्क जाऊन त्या तारखेचे येतात. म्हणून आधी त्याच यादीतून 'बॅकअप' करून आजची फाइल बाजूला ठेवा. आणि कुणी फायरफॉक्स 'रीफ्रेश' केलं असेल तर डेस्कटॉपवर 'ओल्ड फायरफॉक्स डेटा' नावाचं फोल्डर पडलेलं असतं. ते कचरा समजून फेकू नका.

कॉम्प्युटर फॉरमॅट करून आणलाय

दुरुस्तीला दिला, नवं विंडोज टाकून आला, बुकमार्क नाहीत. सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर आहे का ते त्याच दिवशी बघा. असेल तर त्यात यूजर्स, तुमचं नाव, ॲपडेटा, लोकल, पुढे वर सांगितलेलीच वाट. हे फोल्डर विंडोज साधारण १० दिवसांत स्वतःच काढून टाकतं, तेव्हा 'रविवारी बघू' नको. ड्राइव्ह पूर्ण फॉरमॅट झाली असेल तर त्या यंत्रावर आशा फार धरू नका. जीमेलने साइन इन करून सिंक चालू करा. डिलीट कुणी केलेलं नसेल तर गुगलकडचे सगळे परत उतरतात.

आणि काहीच हाती लागलं नाही तर कंट्रोल एच, हिस्टरी. क्रोम कॉम्प्युटरवर ९० दिवसांची ठेवतं. नाव नाही मिळणार, आतल्या पानाचा पत्ता मिळेल.

आता मी महिन्याच्या पहिल्या मंगळवारी एक्सपोर्ट करते. मंगळवारी गाव मंगळग्रहाच्या दर्शनाला आलेल्या बाहेरच्या गाड्यांनी भरलेलं असतं, त्यामुळे दिवस विसरत नाही. फाइलच्या नावात तारीख घालते, पेनड्राइव्हवर एक ठेवते आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच एक पाठवते. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडलीत तर पहिल्याच ओळीत नेटस्केपचं नाव दिसेल. नव्वदच्या दशकातला तो ब्राउझर कधीच बंद पडला, पण बुकमार्क बाहेर काढायची त्याची पद्धत आजही सगळे ब्राउझर वापरतात. म्हणूनच क्रोममधली फाइल फायरफॉक्समध्ये चालते, फायरफॉक्समधली एजमध्ये.

आखाजीनंतर जोडलेले जे बुकमार्क फुटक्या मोबाइलमध्ये नव्हते, ते काही मिळाले नाहीत. तीन मला आठवले, ते परत केले. बाकीचे किती होते तेही माहीत नाही. अजून एखादा येतो, ताई तो अमुक फॉर्म, म्हणतो, आणि माझा हात आपोआप 'शेतकरी'वर जातो. यादीत वर-खाली शोधते, आणि मग कळतं, हा त्यांतलाच एक होता.